छापलेली आई

"सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून त्या माउलीला श्रद्धांजली वाहायची आहे," कार्यवाह मोघे माइकवर म्हणाले. खुर्च्या सरकल्या, सगळं सभागृह उभं राहिलं. चौथ्या रांगेत, खांबाच्या कडेला, ती माउलीही उभी राहिली.

मी व्यासपीठावर होते. टेबलावर माझ्या आईचा मोठा केलेला फोटो, त्याला चंदनाचा हार, पुढे समई आणि उदबत्ती. तो हार पाच मिनिटांपूर्वी मीच घातला होता. घालून मागे वळले, आणि ती दिसली. अंजिरी इरकली लुगडं, हातात कापडी पिशवी, कपाळावर ठसठशीत कुंकू. दोन एसट्या बदलून आली असणार, कारण लुगड्याच्या निऱ्या चुरगळल्या होत्या.

सगळ्यांच्या माना खाली होत्या. वर फक्त आम्हा दोघींच्याच. ती फोटोकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. मग शेजारच्या बाईने हात जोडलेत हे पाहून तिनेही पिशवी मनगटाला अडकवली, हात जोडले आणि मान खाली घातली. मला वाटलं, आत्ता ही ओरडेल. आमच्या घरात ओरडण्याचं काम कायम तिच्याकडेच असायचं. पण ती दोन्ही मिनिटं नीट उभी राहिली.

हे पंच्याण्णव सालचं. मी एका तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवत होते आणि माझी नोकरी तात्पुरती होती. 'सुताची माय' हे माझं पुस्तक आदल्या वर्षी आलं होतं. इचलकरंजीच्या मागाच्या कारखान्यात कांड्या भरणाऱ्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळणाऱ्या माझ्या आईचं ते चरित्र. सगळं खरं घडलेलं म्हणूनच ते छापलं होतं. त्याला बक्षीस मिळालं, आणि बक्षिसामुळे कॉलेजने मला कायम करायचं ठरवलं. हा सत्कार गावच्या वाचनालयाने ठेवला होता, आणि पहिल्या रांगेत आमचे प्राचार्य बसले होते.

पहिल्या खर्ड्यात आई मरत नव्हती. मी ट्रंक घेऊन वसतिगृहात निघते, ती कारखान्याच्या दारातून हात हलवते, एवढ्यावर पुस्तक संपत होतं. प्रकाशक वर्तकांनी ते वाचून चष्मा काढला.

"शेवट पोचत नाही हो," ते म्हणाले. "आई हात हलवते आणि पोरगी जाते. वाचक काय घेऊन घरी जाणार?"

"मग काय करू?"

"ते मी कसं सांगणार? आई तुमची आहे."

चार संध्याकाळी बसून मी तिला मारलं. क्षयाने, माझ्या मांडीवर, माझ्या पहिल्या पगाराचं लुगडं घडी न मोडता उशाशी ठेवून. लिहिताना ढसाढसा रडले. ते रडणं खरं होतं, हे आजही कुणालातरी सांगावंसं वाटतं, पण त्याचा आता काही उपयोग नाही.

खरं तर वर्तकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे जायच्या आधीच मी निम्मी आई गाळून टाकली होती. मी वाचलेल्या सगळ्या आया शेवटचा घास लेकराला देऊन स्वतः पाणी पिऊन झोपायच्या. माझी आई दोन भाकऱ्या ठेच्याशी खायची आणि तिसरीकडे बघायची. रविवारी कांडीवाल्या बायकांना गोळा करून दुपारच्या सिनेमाला जायची आणि सोमवारी सगळा सिनेमा यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवून पुन्हा करून दाखवायची. माझे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मी अकराची झाले तेव्हा तिने ईश्वरा जॉबरशी लग्न केलं. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. साधा, थोडा बहिरा, सतत हाताला ग्रीस. तिला कुणी बळजबरी केली नव्हती. तिला तो आवडला होता, आणि हेच मला कधी माफ करता आलं नाही. वसतिगृहात जाताना माझी ट्रंक त्यानेच डोक्यावर घेतली होती. मी दहा पावलं मागून चालत होते, लोकांना तो हमाल वाटावा म्हणून.

दुसऱ्या लग्नाने खुलून आलेली आई मला कुठल्या पुस्तकात भेटली नव्हती. म्हणून मी तिला विधवाच ठेवलं.

स्तब्धता संपली. सगळे बसले. अध्यक्षांचं भाषण झालं, मग माझं. मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण टाळ्या पडल्या. नंतर बायकांची रांग लागली. एकीने माझा हात धरून सांगितलं, की पुस्तक वाचल्यापासून सुनेशी भांडताना तिला माझी आई आठवते. दुसरी नुसतीच रडली. तिच्यामागे आई उभी होती.

तिचा नंबर आला. प्राचार्य दोन हातांवर होते, चहा पीत.

"आजी, तुम्ही कुठून आलात?" मोघ्यांनी अदबीने विचारलं. मोघे मनाने फार चांगले गृहस्थ होते. "बाईंच्या ओळखीच्या का?"

फोटोतली बाई आणि समोरची बाई यांत कुणाला सारखेपणा दिसेल अशी भीती नव्हती. एक तर फोटो वीस वर्षांपूर्वीचा. शिवाय पुस्तकासाठी तो थोडा सारखा करून घेतला होता.

मोघे माझ्याकडे बघत होते. मी सांगायला हवं होतं. तीन शब्दांचं वाक्य होतं, ही माझी आई. मी ते मनात म्हटलं आणि त्याच्या पुढचं सगळं मला एकदम दिसलं. प्राचार्यांचा कप बशीत आपटेल, वर्तक कानावर हात ठेवतील, वर्तमानपत्रात चौकट येईल. मी गप्प राहिले. फार नाही, एखादा श्वास.

तेवढ्यात तीच बोलली.

"इचलकरंजीची हाय मी. यांच्या आईसंगं कांड्या भराय हुतो."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच 'हुतो, आलो' बोलतात. मोघे हरखले.

"म्हणजे मालनबाईंच्या मैत्रीण! अहो, केवढा योग!" त्यांनी लगेच माइकपाशी जाऊन उठत्या लोकांना थांबवलं. "मंडळी, बसा, बसा. त्या माउलीला प्रत्यक्ष पाहिलेल्या आजी आपल्यात आहेत. त्या दोन शब्द बोलतील."

"मला न्हाई येत बोलाय," आई म्हणाली. पण तिला कुणीतरी हाताला धरून वर आणलंही होतं. ती माइकसमोर उभी राहिली, स्वतःच्या हार घातलेल्या फोटोच्या शेजारी. माइक तिच्या उंचीवर आणायला मोघे खाली वाकले.

"मालन," ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज कर्ण्यातून आल्यावर दचकली. "मालन चांगली हुती. आमी एका लायनीत बसायचो. कामाला चलाख हुती. तिच्यावानी सूत कुणाचंच बसायचं न्हाई."

लोक माना डोलवत होते.

"उपाशी राहून मुलीला शिकवलं ना त्यांनी?" अध्यक्ष खुर्चीतूनच म्हणाले. तिला बोलतं करावं म्हणून.

"कोण, मालन?" आई हसली. "छ्या! तिला भूक दम धरू द्यायची न्हाई. जेवायच्या सुट्टीला पयला डबा तिचा उघडायचा. भूक लागली की पोरीवर खेकसायची, चार धपाटे बी घालायची. मग पोरगी झोपली की तिचे पाय दाबत बसायची." मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. अध्यक्षांच्या कपाळाला आठी पडली. "पोरीच्या वह्या मातूर ती कांड्यांच्या पेटीत ठिवायची, सगळ्यात वर, फडक्यात गुंडाळून. तेलाचा हात लागंल म्हनून मालकाला बी हात लावू द्यायची न्हाई. आन शिनेमाची लई हौस. नवी बांगडी भरली की सगळ्यांना दाखवून यायची. नवरा गेला तवा लई रडली. पर रडून किती दिस रडंल? उमर हुती. मग तिनं..."

ती थांबली. वळून माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. नाही म्हणून. एवढीशी, प्रेक्षकांना दिसणार नाही अशी.

"मग ती गेली," आई म्हणाली. तिने फोटोला नमस्कार केला आणि जपून पायऱ्या उतरली.

अध्यक्षांनी माइक घेतला. "वयोमानाप्रमाणे आजींच्या आठवणींची थोडी सरमिसळ झाली आहे," ते हसून म्हणाले. "पण त्यांच्या भावना आपल्यापर्यंत पोचल्या. खरी मालनबाई कोण, हे आपल्या लेखिकेने अमर करून ठेवलंच आहे." टाळ्या पडल्या. आईनेही वाजवल्या.

मी "आजींना एसटीत बसवून येते" म्हणून बाहेर पडले. प्राचार्य कौतुकाने म्हणाले, "बघा, आईच्या मैत्रिणीलाही किती जपतात."

स्टँड जवळच होतं. दुपारचं ऊन. सांगलीच्या गाडीला पाऊण तास होता. सिमेंटच्या बाकावर तिने पदराने धूळ झटकली, स्वतः बसली, मला बसवलं.

"उजे," ती म्हणाली, "मी कशानं मेलो गं?"

"क्षयानं."

"दवाखान्यात?"

"घरी. माझ्या मांडीवर."

"म्हंजे तू हुतीस तितं."

"होते."

"मग बरं झालं." तिने पिशवीतून एक पुडा काढला. "पेढं आनलं हुतं. पोरीचा सत्कार, वाटावं म्हनलं. पर माजी दोन मिन्टं झाल्यावर कसं वाटायचं? धर, तूच खा."

मी पुडा हातात धरून बसले. ती नेहमीसारखीच बोलत होती, त्यामुळे मला वाटलं हे निभावलं. मला हायसं वाटलं हेसुद्धा खरं आहे.

"ईश्वरा हाय न्हवं पुस्तकात?" तिने विचारलं.

"नाही."

"कुटंच न्हाई?"

"कुठंच नाही."

"तेनंच पेपरात वाचून मला लावून दिलं. म्हनला, पोरीनं तुज्यावर लिव्हलंय, जा. मी म्हनलं, तुमी बी चला की. तर म्हनला, मला बगून तिचं तोंड उतरंल, तिच्या मोठ्या दिसाला कशाला." ती स्टँडवरच्या गाड्यांकडे बघत होती. "तो फोटू आमच्या लगनातला. तेचा हात हुता माज्या खांद्यावर. तो कुटं गेला?"

"कापला. चित्रकारानं तिथं लुगड्याचा रंग भरला."

"आन माजं कुंकू?"

मी पुड्याची दोरी सोडवायला लागले.

"उजे, मी इचारतोय. कुंकू कुणी पुसलं?"

"चित्रकारानंच. पुस्तकाशी जुळत नव्हतं."

"तुला इचारून?"

"हो."

तेव्हा तिचा चेहरा बदलला. इतका वेळ, मेल्याचं ऐकूनही न बदललेला. तिचा हात कपाळाकडे गेला आणि कुंकवाला न लागता तसाच वर थांबला.

"तो जित्ता हाय, उजे," ती म्हणाली. "आज सकाळी मला गाडीत बसवून गेलाय. खिडकीतनं पान्याची बाटली दिली."

"आई, फोटो आहे तो नुसता."

"मारलंस ते मारलंस. मानसं मरत्यात. तुला कायतरी अडचन आसंल, म्हनून मारलं आसशील. पर सवाष्ण मारायची हुतीस की गं. तुज्याच हातात हुतं सगळं. हळदी-कुंकवानं घालवायची हुतीस. तुला काय जड हुतं?"

पुस्तकातल्या आईला दुसरा नवरा चालत नाही, हे मी तिला कुठल्या भाषेत सांगणार होते? ती रडायला लागली. आवाज न करता, पदर तोंडात धरून. माझे वडील गेले तेव्हा ती छाती पिटून रडली होती, शेजारपाजार गोळा झाला होता. असं गप्प रडताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. मला तिच्या पाठीवरून हात फिरवायचा होता. समोरून वाचनालयातल्या दोन बायका येत होत्या. त्या ओळखीचं हसल्या, मीही हसले, आणि हात मांडीवरच राहिला.

"पुन्हा छापतील तेव्हा बदलते," त्या गेल्यावर मी म्हटलं. "खरंच बदलते. सगळं खरं लिहिते."

"मग तुजी नोकरी?"

मी पुड्याची दोरी पुन्हा बांधली.

तिने डोळे पुसले, नाक पुसलं. "मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तेला मी काय सांगनार न्हाई. झकास झालं म्हनून सांगतो."

गाडी लागली. ती चढली, खिडकीशी बसली. गाडी सुटताना तिने हात हलवला नाही. पिशवी पोटाशी धरून ती समोर बघत होती.

पुस्तकाच्या पुढे तीन आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक वेळी वर्तकांनी विचारलं, काही दुरुस्त्या? प्रत्येक वेळी मी नाही म्हटलं. त्यातला शेवटचा भाग एका पाठ्यपुस्तकात गेला. पोरं परीक्षेत माझ्या आईच्या त्यागावर दहा ओळी लिहायला लागली, आणि त्यांचे पेपर माझ्याकडेच तपासायला यायचे. दिवाळीला आणि मे महिन्यात मी इचलकरंजीला जायचे. आई नेहमीसारखी जेवायला घालायची, ओरडायची. पुस्तकाचा विषय तिने कधी काढला नाही. ईश्वराला मात्र ती माझ्यासमोर उगाचच हाका मारायची, पाणी द्या, पंखा लावा, कायम काहीतरी. तो समोर असल्याची खात्री करून घ्यावी तशी. मी कधी त्याला मामाही म्हटलं नाही, बाबा तर लांबच.

सहा वर्षांनी, मार्चमध्ये, तिसरा तास चालू असताना शिपाई सांगायला आला की ऑफिसात फोन आहे. फोनवर ईश्वरा होता. बहिरा असल्यामुळे तो फोनवर ओरडूनच बोलायचा.

"उजाताई," तो ओरडला, "मालन गेली गं. सकाळी च्या पिता पिता गेली. तू येस्तवर ठेवतो. सांजच्याला न्यायची म्हनत्यात. तू ये."

"येते," मी म्हटलं.

"आं?"

"येते!"

क्लार्कने मान वर करून बघितलं. मी रिसीव्हर ठेवला आणि रजेचा अर्ज मागून घेतला. दोन दिवस लिहिले. कारणाच्या रकान्यात 'निधन' लिहिलं, पुढे जागा सोडली आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. प्राचार्य तेच. भिंतीवर त्या सत्काराचा फोटो होता. कॉलेजात पाहुणे आले की ते माझी ओळख 'सुताची माय'च्या लेखिका अशीच करून द्यायचे आणि आईच्या मरणाचा परिच्छेद तोंडपाठ म्हणून दाखवायचे.

त्यांनी अर्ज वाचला.

"अरेरे. कोण वारलं?"

मला वाटलं होतं, या वेळी तोंडातून येईल. मी दारातून आत येताना ठरवूनच आले होते. ते माझ्याकडे सहानुभूतीने बघत होते, पेन हातात होतं.

"इचलकरंजीच्या एक बाई," मी म्हटलं.

"नात्यातल्या?"

"नाही. ओळखीच्या."

"मग दोन दिवस कशाला हो? परीक्षा तोंडावर आली. जाऊन नमस्कार करून या." त्यांनी दोनावर रेघ मारली, वर एक लिहिला आणि सही केली. मी थँक्यू म्हटलं आणि अर्ज क्लार्ककडे द्यायला बाहेर आले.